फुलं दिसतात, बाग दिसत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: घरची बाग आहे, चाळीसेक कुंड्या आणि भिंतीच्या कडेने मातीचा एक पट्टा. वर्षभरात फोनवर 312 फोटो काढलेत, त्यातले 60 निवडून अल्बम केलात आणि नातेवाइकांना, बागवेड्या मित्रमंडळींना पाठवलात. बहुतेकांनी "मस्त", "सुंदर" म्हटलं. बहिणीने मात्र विचारलं, "हे सगळे एकाच महिन्यातले का गं?" ते तुम्हाला लागलं. शिवाय लाल जास्वंद प्रत्येक फोटोत रंग सांडल्यासारखी दिसते. म्हणून विचारताय की चांगला कॅमेरा घ्यावा का, आणि फोटोंत ऋतू आणायचे कसे.

कॅमेऱ्याचं आधी उरकते. घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. बहिणीला जे खटकलं त्यात तुमच्या फोनचा काही दोष नाही.

मी 15 वर्षं रोपवाटिकांच्या कॅटलॉगसाठी फुलांचे फोटो काढले आणि त्याहून जास्त वर्षं स्वतःच्या बागेचे. दोन्हींत फुलंच असली तरी काम अगदी उलटं आहे. कॅटलॉगमध्ये फूल ऐन भरात हवं, पाकळीवर डाग नको, मागे गर्द अंधार हवा, आणि फोटो कुठल्या महिन्यातला आहे हे गिऱ्हाइकाला कळताच कामा नये. तुम्ही प्रश्नासोबत जोडलेले नऊच्या नऊ फोटो याच घडणीचे आहेत. फूल मधोमध, फ्रेमभर, मागचं सगळं धूसर. फोटो म्हणून उत्तम. पण पाकळीवर महिना लिहिलेला नसतो. सदाफुलीचं फूल पावसाळ्यात जसं दिसतं तसंच हिवाळ्यातही दिसतं. ऋतू असतो फुलाच्या आजूबाजूला: कुंडीच्या कडेवर चढलेल्या शेवाळात, भिंतीवर सरकलेल्या सावलीत, मागच्या चाफ्याच्या उघड्या फांद्यांत, खाली पडलेल्या पाचोळ्यात. नेमकं तेच तुम्ही धूसर करून टाकलंत. तुमच्याकडे वर्षभराचे फोटो आहेत, पण त्यात वर्ष नाही.

आता काय करायचं हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. फोटो कोणाला दाखवायचे आहेत? आजी-आजोबांना एकेक टपोरं फूल बघायला आवडेल, त्यांना पानगळीचे फोटो पाठवून कोड्यात टाकू नका. बागकाम करणाऱ्यांना उलट पानं, खोड, कुंडी, माती यांतच रस. दुसरं, बागेला ऊन कुठून आणि किती वेळ मिळतं. तिसरं, तुमच्याकडे ऋतू किती ठळक आहेत. जिथे बर्फ पडतो तिथे कुठूनही फोटो काढा, ऋतू आपोआप येतो. जिथे वर्षभर हिरवंच असतं तिथे तो शोधावा लागतो. आणि चौथं म्हणजे तुमचा स्वभाव. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी उठून फोटो काढणं काहींना जमतं, काहींना दुसऱ्याच महिन्यात त्याचा कंटाळा येतो. पुढचं सगळं माझ्या सवयीतून सांगते आहे, तुम्हाला जमेल तेवढं घ्या.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो एका गोष्टीने: एक जागा ठरवा आणि वर्षभर तिथूनच फोटो काढा. तीच उंची, तीच दिशा, तीच चौकट. बाग बदलते हे दाखवायचं तर बाकी काहीच बदलता कामा नये. चित्रकार क्लोद मोने यांनी 1890-91 मध्ये शेतातल्या गव्हाच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या, त्या एका ओळीत लावलेल्या पाहिल्या की कळतं. गंजी जवळपास त्याच, आणि तरीही एका चित्रात उन्हाळ्याची अखेर आहे आणि दुसऱ्यात बर्फाची सकाळ. विषय हलत नाही, म्हणून उजेड हललेला दिसतो.

माझी जागा स्वयंपाकघराची खिडकी आहे. गजांपैकी डावीकडून तिसऱ्या गजाला फोन टेकवते, खालची कड आडव्या पट्टीवर ठेवते. झालं. तिपाई नाही, मोजमाप नाही. चौकटीत डाव्या कोपऱ्यात नळ येतो आणि उजवीकडे भिंतीचा उडालेला रंग, या दोन खुणा जुळल्या की बटण दाबायचं. कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघा सुरू करून ठेवा, क्षितिज सरळ ठेवायला आणि खुणा त्याच जागी आणायला त्या उपयोगी पडतात. झूमला हात लावू नका. आज 1 आणि पुढच्या वेळी 2 असं झालं की जोडी तुटली.

खूण मात्र हलणारी ठेवू नका. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून मोगऱ्याची मोठी कुंडी खूण म्हणून धरली होती. ती चौकटीच्या मधोमध आली की फोटो बरोबर. पावसाळा आला, मोगऱ्याच्या मुळाशी पाणी साचायला लागलं, मी कुंडी उचलून दोन हात पलीकडे ठेवली आणि नेमाने फोटो काढत राहिले. कुंडी मधोमध, मी निश्चिंत. वर्षअखेरीला फोटो ओळीने लावले तर जुलैपासून भिंतच सरकलेली. घरच्यांना अजून हसायला पुरतं ते.

किती वेळा काढायचा? मी दर रविवारी काढते, पण पंधरा दिवसांनी एक काढलात तरी वर्षाचे 26 होतात, पुरेसे आहेत. त्याहून महत्त्वाचं, ज्या दिवशी बाग वाईट दिसते त्या दिवशी चुकवू नका. वादळानंतरची सकाळ, छाटणी केलेला दिवस, गावाहून परत आल्यावर माना टाकलेली रोपं. आपल्याला ते काढायला लाज वाटते आणि नंतर त्याच फोटोंपाशी लोक थांबतात.

वेळेचा एक पेच आहे. "एकाच वेळी काढा" असं सगळे सांगतात, पण सकाळचे आठ जूनमध्ये वेगळे आणि डिसेंबरमध्ये वेगळे. सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण मिळून सुमारे 47 अंश सरकतो. त्यामुळे घड्याळ तेच ठेवलं तरी ऊन वेगळ्या कोनातून येतं, भिंतीवरची सावली जागा बदलते. काही जण सूर्योदयानंतर अमुक मिनिटांनी असा हिशोब ठेवतात. मी घड्याळ धरते. सावली सरकते तर सरकू दे, तिचं सरकणं हाच तर ऋतू आहे. माझ्या फोटोंत नळाची सावली हिवाळ्यात पार पट्ट्याच्या टोकापर्यंत लांबते आणि उन्हाळ्यात नळाच्या पायाशी गोळा होते. फुलांपेक्षा ती सावली पाहून लोक महिना ओळखतात.

ठरलेल्या जागेचा फायदा फक्त दाखवण्यापुरता नाही, आणि इथे जरा रेंगाळते. माझ्याकडे शेवंतीच्या चार कुंड्या एका ओळीत होत्या, एकाच वेळी लावलेल्या, एकाच रोपाच्या काड्या. एका वर्षी तीन फुलल्या आणि चौथी नुसती हिरवीगार. मी खत घातलं, पाणी कमी केलं, जागेवरून बोल लावला. शेवटी रविवारचे फोटो एकामागून एक बोटाने सरकवत पाहिले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन कुंड्यांच्या शेंड्यांवर मिरीएवढे हिरवे गोळे दिसतात, चौथीचे शेंडे सरळ वर वाढतायत. आणि ढगाळ संध्याकाळी काढलेल्या एकाच फोटोत, जो मी वेळ चुकली म्हणून पुसणार होते, दारावरचा दिवा लागलेला आहे आणि त्याचा पिवळा उजेड बरोब्बर चौथ्या कुंडीवर पडलाय. शेवंतीला कळ्या धरायला लांब आणि सलग अंधाराची रात्र लागते. रात्रभर दिवा जळत असेल तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते. तो दिवा मी तेवढ्यापुरता काढला आणि चौथी कुंडी फुलली, बाकीच्यांच्या खूप मागून. एकेका फुलाचे सुंदर फोटो काढत बसले असते तर हे मला कधीच दिसलं नसतं, कारण चौथ्या कुंडीला फूलच नव्हतं, मग तिचा फोटो मी काढलाच कशाला असता?

म्हणजे एक जागा हा कणा. त्याला जोड म्हणून दुसरी गोष्ट: एक रोप निवडा आणि त्याचा जन्म ते मरण असा माग ठेवा. सगळ्या चाळीस कुंड्यांचा नको, जमणार नाही. झेंडू यासाठी सोपा. बी रुजून दोन पानं आली, कळी धरली, फूल उमललं, कडा तपकिरी झाल्या, फूल वाळून त्याचं काड्यांसारख्या बियांचं बोंड झालं. यातला शेवटचा टप्पा बहुतेक जण काढत नाहीत, तोवर फूल खुडून टाकलेलं असतं. एक तरी फूल झाडावर वाळू द्या. त्याच बिया पुढच्या वर्षी पेरल्या की अल्बमचं शेवटचं पान पहिल्या पानाला जोडलं जातं.

थांबायला वेळ नसेल तर एकाच दिवसात ऋतू घडवणारी फुलंही आहेत. जास्वंदीचा एक प्रकार सकाळी पांढरा उमलतो, दुपारी गुलाबी होतो आणि संध्याकाळी गडद लालसर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे तीन फोटो काढून शेजारी ठेवलेत की बघणारा विचारतो, तीन झाडं आहेत का? प्रत्येक फुलाचं घड्याळ ओळखून ठेवा. ऑफिस टाइम नावाचं फूल भर उन्हात उघडतं आणि ढगाळ दिवशी मिटूनच बसतं. गुलबक्षी दुपार कलल्यावर. मोगऱ्याची कळी संध्याकाळी फुटते. पारिजातकाचं फूल फांदीवर हवं असेल तर पहाटेच्या आधी, नाहीतर सडा काढा. मला विचाराल तर सडाच चांगला, मात्र वर उभं राहून नाही, जमिनीलगत फोन ठेवून. ब्रह्मकमळ रात्री उमलून सकाळपर्यंत मान टाकतं, तो फोटो काढायचा तर जागरणाला पर्याय नाही.

आता तुमच्या लाल जास्वंदीकडे. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि यात चूक तुमची नाही, फोनचीही पूर्ण नाही.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्यावर, बारीक बारीक चौकोन असतात आणि प्रत्येकावर एकाच रंगाची काच. दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकमधले ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट 1976 सालचं, आणि आजही बहुतेक फोनांत तिचाच एखादा अवतार असतो. हिरवे दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावा हिरव्याच्या आसपास जास्त कळतो. आता फ्रेमभर लालभडक फूल धरलंत की हिरव्या आणि निळ्या चौकोनांना जवळजवळ काहीच मिळत नाही. सगळं ओझं चारातल्या एकावर. पाकळीतली शीर, सुरकुती, मखमली पोत सांगायला साक्षीदारच कमी उरले. त्यात ऊन असेल तर तो एक चौकोन काठोकाठ भरतो. भरला की त्याच्या पलीकडचा उजळपणा आणि अलीकडचा उजळपणा यांत फरक राहत नाही, सगळं एकच सपाट लाल. तुम्ही ज्याला रंग सांडला म्हणता तो हाच. गंमत अशी की एकूण फोटो भडक दिसत नाही, पानं व्यवस्थित, आकाश व्यवस्थित, म्हणून फोनलाही काही बिघडलंय असं वाटत नाही.

उपाय साधा आहे. फुलावर बोट टेकवा, शेजारी उजेडाची पट्टी किंवा छोटा सूर्य दिसेल, तो खाली ओढा. पाकळीवर शिरा दिसेपर्यंत ओढत राहा. त्या वेळी पानं काळपट वाटतील, आकाश कोंदट वाटेल, घाबरू नका, पानं नंतर उजळता येतात पण सपाट झालेल्या लालमधून शीर परत आणता येत नाही. दुसरं, लाल फूल उन्हात काढूच नका. ढग येऊ दे, किंवा स्वतः उन्हाच्या आड उभ्या राहा आणि सावली संपूर्ण फुलावर पडेल असं पाहा, अर्धवट नको. तिसरं, नंतर फोटो सुधारताना 'रंग गडद करा' वाल्या पट्टीला हात लावू नका. लाल आधीच गच्च भरलाय, त्यात आणखी ओतून काय मिळणार? उलट लाल थोडा कमी करून बघा, शिरा वर येतात.

एवढं करूनही तुमच्या फोनवर छान दिसलेली जास्वंद दुसऱ्याच्या फोनवर भडक दिसू शकते. नवे फोन जास्त रंग पकडतात, तेवढे रंग दाखवण्याची प्रत्येक पडद्याची ऐपत नसते, आणि पाठवताना बऱ्याचदा रंगांची काटछाट होते. पहिला फटका लाल आणि केशरी टोकाला बसतो. म्हणून पाठवण्याआधी फोटो घरातल्या दुसऱ्या एखाद्या जुन्या फोनवर उघडून बघायची माझी सवय आहे.

पांढऱ्याचं दुखणं उलटं. फ्रेमभर मोगरा असेल तर फोन सरासरी राखाडी धरून चालतो आणि फूल मळकट येतं, तेव्हा सूर्य वर ओढा. पण गर्द पानांत एकच इवलं पांढरं फूल असेल तर फोन पानांकडे बघून उजेड वाढवतो आणि फूल कोऱ्या कागदासारखं होतं, तेव्हा खाली ओढा. निळ्या फुलांचा तर जुना इतिहास आहे. फिल्मच्या जमान्यात निळी फुलं चक्क गुलाबीसर यायची. त्या पाकळ्या डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश भरपूर परततात आणि फिल्मला तो दिसायचा. एजरेटम नावाच्या निळ्या गोंड्यांवरून त्या प्रकाराला नावच पडलं होतं. आता सेन्सरपुढे तो प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे गोकर्णीचा निळा बऱ्यापैकी निळा येतो. जांभळा अजूनही कधी कधी हुलकावणी देतो. तिथे मी फार झगडत नाही.

फोन हाताळण्याच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. भिंग पुसा, अर्ध्या 'धूसर' फोटोंचं कारण बोटांचं तेल असतं. फुलाच्या नाकाशी फोन नेऊ नका. फोनचं मुख्य भिंग रुंद नजरेचं असतं, फार जवळ गेलं की पुढची पाकळी हत्तीच्या कानाएवढी आणि देठ बारीक होतो, शिवाय काही फोन गुपचूप आणखी रुंद भिंगावर जातात. दोन पावलं मागे या आणि 2 किंवा 3 पट झूम वापरा. वारा असेल तर दहा-बारा फोटो सलग घ्या, एखादा स्थिर निघतोच. पाण्याचे थेंब हवे असतील तर पाऊस किंवा दव यांची वाट बघा. फवारणीच्या बाटलीने मारलेले थेंब मला लगेच ओळखू येतात. ते सगळे एकाच आकाराचे आणि फुलाच्या एकाच बाजूला असतात. कॅटलॉगसाठी मीही तेच करायचे, म्हणून सांगते.

वेगळा कॅमेरा कधी घ्यावा? मधमाशीच्या पायावरचे परागकण काढायचे वेड लागलं, किंवा भिंतीवर हातभर लांबीची चित्रं छापून लावायची असतील, तेव्हा विचारा, आनंदाने सांगेन.

आता निवड, कारण 60 फोटो फार झाले. कुणीही 60 बघत नाही, माझे असले तरी नाही. पहिले आठ मनापासून बघतात, मग बोट वेगाने फिरायला लागतं. मी वर्षाचे 24 ठेवते, महिन्याला दोन: एक ठरलेल्या खिडकीतून आणि एक जवळून. ते शेजारी शेजारी ठेवते. खिडकीतून पाहिलेला ऑगस्ट, सगळीकडे हिरव्याचा नुसता गोंधळ, आणि शेजारी त्याच गोंधळातून उचललेली एक रेन लिली. मग जवळच्या फोटोलाही संदर्भ मिळतो, ते फूल कुठे आणि कशाच्या मध्ये उभं आहे हे कळतं. एकाच फुलाचे चार चांगले फोटो असतील तर तीन काढून टाकणं जिवावर येतं, मान्य आहे. पुसू नका, बाजूला ठेवा. पण दाखवायचा एकच.

क्रमाचाही विचार करा. जानेवारीपासूनच सुरू केलं पाहिजे असं नाही. माझा अल्बम सुरू होतो तो बाग सर्वांत उजाड असते तिथून, चाफा निष्पर्ण आणि कुंड्या छाटलेल्या. तिथून पुढे प्रत्येक फोटो काहीतरी वाढवतो. ऐन बहरापासून सुरुवात केलीत तर पुढे नुसती उतरणच दाखवावी लागते.

आणि फोटोखाली ओळ लिहा. "सुंदर सकाळ" असली नको, ते दिसतंच आहे. जे दिसत नाही ते लिहा: तारीख, झाडाचं नाव, आणि एक बातमी. "14 जुलै. फुटबॉल लिलीचं फूल सुकलं, आता फक्त पानं. कंद पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गप्प." एवढ्यात बघणाऱ्याला पुढे काय होणार याची उत्सुकता लागते. तारखेबद्दल मी हट्टी आहे. लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी 1850 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉन्कर्ड गावाभोवतीच्या शेकडो झाडाझुडपांना पहिलं फूल कधी आलं याच्या तारखा वहीत उतरवल्या. सुमारे दीडशे वर्षांनी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच परिसरात पुन्हा नोंदी घेऊन त्या पडताळल्या, तेव्हा हवामान तापल्याने बरीच झाडं आता लवकर फुलतात हे दिसून आलं. थोरोंनी नुसतं "फुलं आली, फार छान" लिहिलं असतं तर ती वही या कामाला आली नसती.

तारीख फोटोच्या आतही दडलेली असते, पण पाठवताना ती टिकेल असं धरून चालू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती झडते, पुढे फिरवलेल्या फोटोला ज्या दिवशी मिळाला त्या दिवसाची तारीख चिकटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फाइलच्या नावातच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे ती कुठेही गेली तरी रांगेत बसते.

मात्र मूळ फाइल जाते तेव्हा तारखेसोबत जागाही जाते, आणि घरच्या बागेची जागा म्हणजे घराचा पत्ता. फोटो अनोळखी लोकांत टाकणार असाल तर फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी देऊ नका, किंवा पाठवताना ठिकाण काढून टाका. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागे शेजाऱ्यांची खिडकी आणि गाडीचा नंबर स्पष्ट वाचता येतोय. तो फोटो आजच कापून पुन्हा लावा.

एक उपप्रश्न होता: अनोळखी रोपाचं नाव विचारायला कसा फोटो टाकावा. फूल समोरून, फूल मागून म्हणजे देठाकडची हिरवी दलं दिसतील असं, पान दोन्ही बाजूंनी, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसेल असा तुकडा, आणि मापासाठी शेजारी बोट. नुसत्या समोरच्या फुलावरून नाव सांगणारे बहुतेक अंदाजच बांधत असतात, मीसुद्धा.

राहता राहिले तुमचे ते 312. ते वाया गेले असं समजू नका. त्यातले तुम्ही नाकारलेले 252 पुन्हा उघडा आणि फुलाकडे न बघता त्याच्या मागे बघा. नेम चुकलेले, वाकडे आलेले, ज्यांत चुकून भिंत, नळ, अर्धी कुंडी, ओली फरशी आली आहे असे फोटो वेगळे काढा. तारखेप्रमाणे लावा. दहा-बारा तरी निघतील. तुम्ही जोडलेल्या सातव्या फोटोतच बघा, शेवंतीच्या मागे डाव्या कोपऱ्यात एक रिकामी कुंडी उपडी ठेवलेली आहे. ती कधी उपडी झाली, आधी तिच्यात काय होतं, हे तुमच्या बहिणीला मी विचारणार नाही, पण तुम्हाला विचारते.